पायांची यादी

परवा संध्याकाळी नात एक छापील कागद घेऊन माझ्या खुर्चीपाशी आली. सातवीत आहे, इंग्रजी माध्यमात. कागदावर डाव्या बाजूला इंग्रजीतले दहा वाक्प्रचार, सगळे पायाचे. उजव्या बाजूला त्यांचे अर्थ उलटसुलट मांडलेले. जोड्या लावा, दहा मार्क.

"आजोबा, 'फूट द बिल' म्हणजे बिलाला लाथ मारायची ना? म्हणजे पैसे द्यायचे नाहीत."

मी हसलो. पण खरं सांगायचं तर तिचं उत्तर तर्काला धरूनच होतं. फूट म्हणजे पाय. बिलाला पाय लावायचा म्हणजे लाथच की! मी म्हटलं, "अगं, उलटं आहे. फूट द बिल म्हणजे बिल आपण भरणं, बहुतेक वेळा सगळ्यांचं मिळून."

"मग त्यात पाय कुठून आला?"

मग तिला सांगितलं. हिशेबाच्या कागदावर आकडे एकाखाली एक लिहितात. त्यांची बेरीज कुठे येते? तळाला. कागदाचा जो तळ, तो त्याचा पाय. डोंगराचा पायथा असतो ना, तसा. तळाशी बेरीज मांडणं म्हणजे 'फूट' करणं, आणि पुढे ज्याच्या माथी ती बेरीज पडली त्यानं बिल 'फूट' केलं असं म्हणायला लागले. पानाच्या तळाशी असते ती फूटनोट, आपली तळटीप.

"हे शाळेत का नाही सांगत?" असं विचारून ती खेळायला पळाली. जोड्या तिनं नंतर कुठल्या तरी गाईडात बघून लावल्या असाव्यात.

प्रश्न मात्र माझ्यापाशीच राहिला. कारण पस्तीस वर्षं मी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, २००८ साली निवृत्त झालो, आणि हे मीही वर्गात कधी सांगितलं नव्हतं. माझं बीए मराठी माध्यमातलं. इंग्रजी मी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि गाईडांवर शिकलो आणि तसंच पुढे ढकललं. म्हणून आज जरा रागानं लिहितो आहे. त्यातला निम्मा राग स्वतःवर आहे हे आधीच कबूल करतो.

माझं म्हणणं सरळ आहे. मुलांकडून इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करून घेणं बंद करा. आणि ज्याच्या लिखाणात असे वाक्प्रचार जास्त त्याचं इंग्रजी चांगलं, ही समजूत तर आजच्या आज सोडा. तिनं आपल्या मुलांचं फार नुकसान केलं आहे.

पहिली गोष्ट, ही यादी मुलाला पायच नीट ओळखू देत नाही. आपला मराठी पाय कंबरेखाली सुरू होतो तो थेट अंगठ्यापर्यंत. इंग्रजानं त्याचे दोन तुकडे केले आहेत. घोट्याच्या वर लेग आणि खाली फूट. आपल्याकडे पाऊल हा शब्द आहे, पण रोजच्या बोलण्यात आपण सगळ्यालाच पाय म्हणतो. पाय मोडला, पाय सुजला, पाय मुरगळला. मांडीचं हाड मोडलेला मुलगा 'माय फूट इज ब्रोकन' असं लिहितो ते यामुळेच. आपण पाय मोकळे करायला जातो, तेव्हा इंग्रज लेग ताणायला जातो. क्रिकेटमधला पायचीत म्हणजे लेग बिफोर विकेट. हा एवढा भेद एका तासात फळ्यावर चित्र काढून समजावता येतो. तो न समजावताच आपण दहा वाक्प्रचार पाठ करायला देतो.

आणि चित्र सारखं असलं तरी अर्थ सारखा असेलच असं नाही. आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं. इंग्रजीत एखाद्याचा लेग ओढणं म्हणजे त्याची थट्टा करणं. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी गावातल्या राजकारणावरच्या निबंधात लिहिलं की आमच्या गावात सगळे एकमेकांचे लेग ओढतात. वाचणाऱ्या इंग्रजाला वाटावं, काय विनोदी गाव आहे!

दुसरी गोष्ट. वाक्प्रचारामागे कुणाचा तरी खराखुरा पाय असतो. यादीत तो दिसत नाही. 'फीट ऑफ क्ले' घ्या. गाईडात एवढंच की थोर माणसातला छुपा दोष. मूळ गोष्ट बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकात आहे. बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर स्वप्नात एक प्रचंड पुतळा बघतो. डोकं सोन्याचं, छाती आणि हात चांदीचे, पोट आणि मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे, आणि पावलं मात्र थोडी लोखंडाची, थोडी मातीची. एक धोंडा येऊन नेमका त्या पावलांवर आदळतो आणि सोन्याच्या डोक्यासकट सगळा पुतळा भुगा होतो. ही गोष्ट एकदा ऐकलेला मुलगा तो वाक्प्रचार जन्मात विसरेल का?

किंवा 'शूट वनसेल्फ इन द फूट'. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकांतल्या नरकातून सुटका व्हावी म्हणून काही सैनिक स्वतःच्याच हातावर, पायावर गोळी झाडून घेत. उघडकीला आलं तर लष्करी न्यायालयापुढे उभं राहावं लागे. आज त्याचा अर्थ बदलून नकळत स्वतःचं नुकसान करून घेणं असा झाला आहे. 'फूट इन द डोअर' म्हणताना दारोदार फिरणारा विक्रेता डोळ्यांपुढे आणावा. घरची बाई दार लावायला जाते आणि हा बहाद्दर फटीत बूट सरकवतो. अकिलीसची टाच सांगताना तर लांब जायलाच नको. ट्रॉयच्या युद्धातल्या त्या वीराला आईनं टाचेला धरून स्टिक्स नदीत बुडवलं, म्हणून टाच तेवढी कोरडी राहिली आणि तिथेच बाण लागला. आपल्या श्रीकृष्णालाही जरा नावाच्या व्याधाचा बाण पायालाच लागला की! वर्गात ही दोन पावलं शेजारी शेजारी ठेवली असती तर मुलं कान देऊन ऐकत बसली असती. आम्ही दिली यादी.

तिसरी गोष्ट मी स्वतः भोगली आहे. वाक्प्रचार कुठे, कुणासमोर, कुणाबद्दल वापरायचा हे यादी सांगत नाही. १९७६ साल. नोकरीत तिसरंच वर्ष. आमचे मुख्याध्यापक निवृत्त होत होते. समारंभाला तालुक्याचे साहेब येणार म्हणून मला इंग्रजीत चार वाक्यं बोलायला सांगितलं. मी रात्रभर गाईड चाळलं. 'वन फूट इन द ग्रेव्ह' समोर लिहिलं होतं, वृद्ध होणे. झालं! मी भर सभेत गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की आमच्या सरांचा एक पाय थडग्यात असला तरी त्यांचा उत्साह तरुणाला लाजवील. मला टाळ्या अपेक्षित होत्या. साहेब छताकडे बघू लागले.

मुख्याध्यापक मोठ्या मनाचे. आभार मानायला उठले आणि मराठीत म्हणाले, "मास्तर, दुसरा पाय अजून बाहेर आहे बरं का. पेन्शन घ्यायचीय!" सभा हसली आणि माझी सुटका झाली. त्यांच्याबद्दल मराठीत बोलताना मी 'सरांच्या गोवऱ्या मसणात गेल्या' असं म्हटलं असतं का? जीभ झडली तरी म्हटलं नसतं. अर्थ तोच आहे. इंग्रज पुरतो म्हणून त्याचं थडगं, आपण जाळतो म्हणून आपल्या गोवऱ्या. आपल्या भाषेत कुठे थांबायचं हे आईच्या दुधाबरोबर कळतं. परक्या भाषेत ते कुणीतरी सांगावं लागतं.

आता चौथी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. ही यादी मुलाला शिकवते की तुझ्याकडे काही नाही.

आठवीतल्या एका मुलीनं एकदा वाक्य लिहिलं होतं की त्या शेतकऱ्यानं बैल विकले आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. इंग्रजीत, शब्दाला शब्द लावून. 'ही ड्रॉप्ड अ स्टोन ऑन हिज ओन फूट.' मी त्यावर लाल रेघ मारली आणि वर लिहिलं, 'शॉट हिमसेल्फ इन द फूट'. आज विचार करतो, काय चुकलं होतं तिचं? वाक्य व्याकरणात बसतं. लंडनमधल्या माणसालाही कळेल. बैल विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात धोंडा शोभतो, बंदूक कशी शोभेल? तिच्या अंगणातला धोंडा उचलून मी तिच्या हातात कुठल्यातरी खंदकातली बंदूक दिली, आणि वर दोन मार्क कापले.

आपल्या भाषेत पायाचे वाक्प्रचार काय कमी आहेत? दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश उघडा आणि 'पाय' काढून बसा, संध्याकाळ सरेल. काढता पाय घेणं, पायाला भिंगरी लागणं, पायाखालची वाळू सरकणं, तळपायाची आग मस्तकात जाणं, पायघड्या घालणं, हातपाय गाळणं, अंथरूण पाहून पाय पसरणं... आणि गंमत म्हणजे काही वाक्प्रचार दोन्हीकडे जवळजवळ सारखेच आहेत. स्वतःच्या पायावर उभं राहणं, पावलावर पाऊल टाकणं, पाय जमिनीवर असणं. हे मराठी मुलाला आधीपासून येतंच. त्याला एवढंच सांगायचं, "बाळा, तुझ्या आजीचं बोलणं इंग्रजीतही चालतं." हे ऐकताना मुलाचा चेहरा कसा उजळतो ते मी निवृत्तीनंतर शेजारच्या मुलांना शिकवताना पाहिलं. वर्गात असताना हे सुचलंच नाही.

इथे एक खुलासा केला पाहिजे. आपलं ते सगळं सोनं असं मी मुळीच म्हणत नाही. 'पांढऱ्या पायाची' म्हणून आपण किती सुनांचं आयुष्य नासवलं! घरात कुणी गेलं की बोट नव्या सुनेच्या पायांकडे. 'पायाची वहाण पायीच बरी' या म्हणीनं कुणाकुणाला जागेवर बसवलं हेही आपल्याला ठाऊक आहे. इंग्रजीत याचा प्रतिशब्द शोधू नये, सापडला तर वापरू नये, आणि मराठीतूनही हे जावं. पण हेही मुलांशी बोलूनच जाईल. आपल्या भाषेकडे वर्गात पाठ फिरवली की तिच्यातलं चांगलं तेवढं विसरतं आणि वाईट घरोघरी तसंच चालू राहतं.

आता समोरून दोन मुद्दे येतील. पहिला, "सर, स्पर्धा परीक्षेत विचारतात." खरं आहे. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेत वाक्प्रचारांवर प्रश्न असतात. ज्याला ती परीक्षा द्यायची आहे त्यानं त्या वर्षी यादी जरूर करावी, बसपासचा फॉर्म भरावा तशी. पण त्यासाठी सातवीतल्या मुलीला का जुंपायचं? परीक्षेला लागतं ते सगळं शिक्षण नसतं, हे आपण शिक्षकांनीच विसरायचं का?

दुसरा मुद्दा, "वाक्प्रचारांशिवाय इंग्रजी सपक वाटतं." याचं उत्तर मी देत नाही, जॉर्ज ऑर्वेल देतो. जन्म १९०३, आपल्याच बिहारमधल्या मोतिहारीचा. इंग्रजी गद्य स्वच्छ कसं लिहावं हे त्याच्याकडून शिकावं असं जगभर मानतात. १९४६ साली त्यानं राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवर एक निबंध लिहिला. त्यात त्यानं लेखकांसाठी काही नियम घातले आहेत आणि पहिलाच नियम असा की छापील मजकुरात नेहमी दिसणारी उपमा, रूपकं किंवा असले अलंकार कधीही वापरू नका. मरायला टेकलेल्या रूपकांची त्यानं जी यादी दिली आहे तिच्यात अकिलीसची टाच आहे आणि 'टो द लाइन'ही आहे. टो म्हणजे पायाचं बोट. रेषेला बोट टेकवून उभं राहणं, म्हणजे घालून दिलेल्या शिस्तीत राहणं. ऑर्वेल सांगतो की खुद्द इंग्रज लोक हा टो दोरीनं ओढण्याच्या टोसारखा लिहितात, कारण लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे पायाचं बोट नसतंच! म्हणजे ज्यांची भाषा, त्यांचाच मोठा लेखक सांगतो की हे टाळा, आणि आमच्या सातारा जिल्ह्यातल्या मुलांना आम्ही सांगतो की हे घाला, म्हणजे मार्क मिळतील.

हे सगळं मला आता का सुचतं आहे ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

१९८९ साल असेल. नववीचा वर्ग. आदल्या आठवड्यात यादी दिली होती, तिच्यात 'गेट कोल्ड फीट' होतं. अर्थ, ऐनवेळी धीर खचणं. मग निबंध दिला, आयुष्यातला सर्वांत दुःखाचा दिवस. मागच्या बाकावर बसणाऱ्या, अबोल, डोंगराकडच्या वाडीवरून चालत येणाऱ्या एका मुलानं त्याचे आजोबा गेले त्या रात्रीबद्दल लिहिलं होतं. ती ओळ मला अजून पाठ आहे. 'ॲट नाइट माय ग्रँडफादर गॉट कोल्ड फीट. माय मदर रब्ड सुंठ. इन द मॉर्निंग ही वॉज नॉट.'

मी वही हातात घेऊन वर्गासमोर ते मोठ्यानं वाचलं आणि म्हटलं, "कोल्ड फीट म्हणजे ऐनवेळी घाबरणं. तुझे आजोबा काय बोहल्यावर चढायला निघाले होते?" वर्ग खो खो हसला. तो उभा राहिला होता. हळूच म्हणाला, "सर, पण खरंच गार पडले होते."

मी त्याला खाली बसवलं. संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत हा किस्सा चहाबरोबर सांगितला, तिथेही सगळे हसले.

माझे वडील गेले तेव्हा शेवटच्या रात्री मी त्यांच्या पायाशी बसलो होतो. बायको तळव्यांना सुंठ चोळत होती. पाय घोट्यापासून वर गार पडत गेले ते माझ्या हाताला कळत होतं. त्या वेळी मला त्या मुलाची आठवण झाली. त्या तीन वाक्यांत सगळं होतं. रात्र, पाय, आई, सुंठ, सकाळ. 'ही वॉज नॉट' हे गाईडातलं इंग्रजी नव्हे, पण याहून खरं इंग्रजी माझ्या पस्तीस वर्षांत दुसऱ्या कुठल्या विद्यार्थ्यानं लिहिल्याचं मला आठवत नाही. आणि मी वर लिहिलं होतं, 'राँग यूज ऑफ इडियम'. तो इडियम वापरतच नव्हता. तो पायांबद्दल सांगत होता.

यादीनं मुलांचं काय केलं ते जाऊ द्या. यादीनं माझे कान असे केले होते की मुलगा आजोबांच्या मरणाबद्दल सांगतोय आणि मला फक्त चुकलेला वाक्प्रचार ऐकू येतो.

मग करायचं काय? फार काही नाही. यादी फाडा. महिन्याला दोन वाक्प्रचार पुरेत, तेही धड्यात आले तर, आणि त्यांच्या गोष्टीसकट. प्रत्येक वेळी मुलांना विचारा, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" आणि ती उत्तरंही फळ्यावर लिहा. साध्या, सरळ वाक्याला पूर्ण मार्क द्या. मुलानं घरचा धोंडा इंग्रजीत नेला आणि वाचणाऱ्याला कळला, तर त्यालाही पूर्ण मार्क द्या. वेळ उरला तर सांगा की इंग्रजानं पावलानं लांबी मोजली, बारा इंचांचा फूट केला, आणि आपण पायानं वाटा मोजला. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. तो पाद, त्याचा झाला पाव. पादानं उणा तो पाऊण, पादासहित तो सवा. मुलं तुम्हाला घंटा झाली तरी सोडणार नाहीत.

तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. कुठे असतो माहीत नाही. भेटला तर त्याची माफी मागायची आहे, ती वर्गासमोर मागायला हवी होती.

असो. नातीला दहापैकी दहा मिळाले. तिला म्हटलं, "शाब्बास. आता सांग बघू, फूट द बिलमध्ये पाय कुठून आला?" तिनं कागदाच्या तळावर बोट ठेवलं. बाकीच्या नऊ पायांचं तिला काहीही सांगता आलं नाही.

तुमच्यापैकी जे आज शिकवत आहेत त्यांनी उद्या वर्गात गेल्यावर एवढं एकदा करून बघा, ही विनंती.